जुन्या एमजीबी स्पोर्ट्स कारचा डिस्ट्रिब्युटर रिबिल्ड करून घेतला, त्याचा सविस्तर रिव्ह्यू

पाचपैकी चार. एक का कापला ते खाली येईलच, पण ज्यांना वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी एवढंच की तुमच्या गाडीचा ओरिजिनल लुकास (ब्रिटिश इलेक्ट्रिकल कंपनी) डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेळेवर ठिणगी वाटणारा भाग, तुमच्याकडे असेल आणि त्याची बॉडी तडकलेली नसेल तर तोच नीट करून घ्या, नवीन चकाचक दिसणारा घेऊन गाडीत बसवायच्या भानगडीत पडू नका. मी पडलो होतो. वर्षभर गेलं त्यात.

गाडी १९६६ ची एमजीबी रोडस्टर, १७९८ सीसी, पाच बेअरिंगवालं १८जीबी इंजिन, अजून पॉझिटिव्ह अर्थच (बॅटरीचं प्लस टोक बॉडीला) ठेवलेली आहे. डिस्ट्रिब्युटर लुकास २५डी४, बॉडीवर ४०८९७ नंबर. हा नंबर नीट वाचून ठेवा, कारण २५डी४ म्हणजे फक्त डिझाइनचं नाव झालं, असे २५डी४ ढिगाने वेगवेगळ्या गाड्यांना लागायचे आणि प्रत्येकाचा आतला अॅडव्हान्स, म्हणजे वेग वाढेल तशी ठिणगी किती आधी पडते ते, वेगळा. नंबरवरून कळतं की हा कुठल्या इंजिनसाठी केलाय. शेजारी आठवडा आणि साल पण ठोकलेलं असतं, म्हणजे गाडीचा जन्म आणि डिस्ट्रिब्युटरचा जन्म जुळतो का तेही बघता येतं. माझा जुळतो, त्यामुळे तर जास्तच जीव जडलेला.

तक्रार काय होती तर स्लोवर इंजिन लंगडायचं. अगदी बंद पडायचं नाही, पण चार ठोक्यांत एखादा ठोका उशिरा आल्यासारखं. ३००० च्या पुढे रेस केली की आवाज फाटायचा, आणि चढावर थर्ड गिअरमध्ये नॉकिंग, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून येणारी खडखड. आता जुन्या ब्रिटिश गाडीवाल्यांचा एक ठरलेला विनोद आहे की कार्ब्युरेटरच्या बहुतेक तक्रारी इग्निशनच्या निघतात, आणि तो विनोद माहीत असूनही मी दोन्ही एसयू कार्ब्युरेटर खोलले, सुया बदलल्या, जेट बदलले, डॅशपॉटमध्ये तेल भरलं, हवेचा आवाज नळीने ऐकून ऐकून दोन्ही कार्ब सारखे केले. काही फरक नाही. म्हणजे कार्ब मस्त झाले, लंगडणं तिथेच.

मग पॉइंट, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधला करंट तोडणारा स्विच, बदलले. कंडेन्सर बदलला, प्लग बदलले, वायरी बदलल्या. प्रत्येक वेळी दोन दिवस गाडी बरी वाटायची आणि तिसऱ्या दिवशी मूळ पदावर. एक मित्र आहे, तोही असल्याच जुन्या गाड्यांत आयुष्य घालवलेला, त्याला फोन केला तर त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अरे तू कॅप काढ, रोटर धर आणि आडवा हलवून बघ." रोटर म्हणजे कॅपखाली फिरून एकेका सिलिंडरच्या वायरीला ठिणगी देणारा तुकडा. गोल फिरवायचा नाही, आडवा, डावीकडे उजवीकडे. हलवला. टक टक वाजलं. चक्क वाजलं.

हे वाजणं म्हणजे काय ते जरा सांगतो कारण सगळा रिव्ह्यू त्यावर उभा आहे. डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट एका बुशमध्ये फिरतो, सिंटर केलेल्या ब्राँझचा बुश, म्हणजे त्यात बारीक छिद्रं असतात आणि तेल मुरलेलं असतं. शाफ्टच्या वर कॅम, कॅमला चार टोकं, प्रत्येक टोक पॉइंटची टाच उचलतं आणि पॉइंट उघडतो, तो उघडला की कॉइलमधून ठिणगी. पॉइंटचा गॅप किती तर १४ ते १६ थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ०.३५ ते ०.४० मिमी. आता बुश झिजून शाफ्ट पाच सहा थाऊ आडवा हलत असेल तर तुम्ही फिलर गेजने लावलेल्या गॅपला अर्थच काय उरला? एका टोकावर १२ मिळतो, दुसऱ्यावर १८, आणि गॅप बदलला की पॉइंट उघडायची वेळ बदलते, म्हणजे चार सिलिंडरना चार वेगळी टायमिंग. तुम्ही स्ट्रोब (ठिणगीबरोबर चमकणारा टायमिंगचा दिवा) लावून एक नंबरचं टायमिंग अगदी देवासारखं लावा, बाकीचे तीन आपापल्या घड्याळावर चालतात. वर वेग वाढला की शाफ्ट बुशमध्ये वेगळ्याच जागी जाऊन बसतो, म्हणजे स्लोवरचं टायमिंग आणि रेसचं टायमिंग यांचाही एकमेकांशी संबंध राहत नाही.

घरी तपासायच्या दोन पद्धती. एक ड्वेल मीटर, ड्वेल म्हणजे पॉइंट बंद राहतात तो कोन. २५डी४ ला ड्वेल ६० अंश, तीन इकडे तीन तिकडे चालतं. माझा स्लोवर ६० दाखवायचा आणि ३००० ला ५४. एवढा पडायला नको, शाफ्ट चांगला असेल तर काटा जवळपास जागेवर राहतो. दुसरी पद्धत मला जास्त आवडते कारण ती डोळ्याला दिसते. स्ट्रोबचा क्लॅम्प एक नंबरच्या वायरीवर लावून पुलीची खूण बघा, मग तोच क्लॅम्प चार नंबरवर लावा. एक आणि चार पिस्टन एकत्रच वर येतात त्यामुळे खूण त्याच जागी दिसली पाहिजे. माझी जवळजवळ चार अंश सरकायची. आणि कॉइलच्या मधल्या जाड वायरीवर क्लॅम्प लावला तर दोन्ही खुणा एकदम, एक इकडे एक तिकडे, चष्मा काढल्यासारख्या.

तर बुश गेलेला. इथे मी शहाण्यासारखं वागायला हवं होतं. मी काय केलं तर नवीन आख्खा डिस्ट्रिब्युटर मागवला, कॉपी माल, जुन्या गाड्यांना चालतो म्हणून विकतात तसला. कंपनीचं नाव लिहीत नाही. दिसायला सुंदर. शाफ्ट अजिबात हलत नव्हता, स्लो एकदम मांजरासारखा गुरगुर, मी खूश. आणि पहिल्याच चढावर नॉकिंग, आधीपेक्षा जास्त! का, तर त्याच्या आतला अॅडव्हान्स. ४०८९७ मध्ये वजनांचा (वेग वाढला की बाहेर जाऊन हीच अॅडव्हान्स देतात) पूर्ण अॅडव्हान्स क्रँकचे २० अंश, तो २२०० आरपीएमला पूर्ण होतो, आणि तिथपर्यंत हळूहळू चढत जातो, ९०० ला ९, १६०० ला १५ असा. या नवीन भावाचा मी स्ट्रोबने मोजला तर १५०० लाच सगळा संपलेला. स्प्रिंग इतक्या नाजूक की वजनं लगेच बाहेर. नॉकिंग थांबवायला टायमिंग मागे घेतलं तर गाडी बैलगाडी झाली, पुढे घेतलं तर खडखड. मधली जागाच नाही. सगळ्या गाड्यांना बसेल असा अॅडव्हान्सचा कर्व्ह म्हणजे कुठल्याच गाडीला नीट न बसणारा कर्व्ह, हे मला विकत घेऊन कळलं.

मधल्या काळात इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलचाही मोह झाला, पॉइंट काढून टाकायचे आणि कॅमवर चुंबकाची रिंग बसवून हॉल इफेक्ट सेन्सर लावायचा. वाईट वस्तू नाही ती, पॉइंट घासायची कटकट जाते, टाच झिजायचा प्रश्न नाही, आणि आडव्या प्लेचा त्रास पॉइंटइतका होत नाही. पण अॅडव्हान्स देणारी वजनं, स्प्रिंग आणि व्हॅक्युम युनिट (इंजिनच्या हवेच्या ओढीने हलक्या पॅडलवर जादा अॅडव्हान्स देणारं) तर जुनीच राहतात ना. आत घाण साचून वजनं अडकलेली असतील तर मॉड्यूल काय करणार, चुकीच्या वेळी एकदम सुबक ठिणगी देणार. शिवाय माझी गाडी पॉझिटिव्ह अर्थ, त्यासाठी वेगळं मॉड्यूल लागतं, उलटं जोडलं की गेलं. ठेवून दिला तो विचार.

मग शेवटी जुना २५डी४ डब्यातून काढला आणि फक्त डिस्ट्रिब्युटरचंच काम करणाऱ्या एका वर्कशॉपला कुरिअरने पाठवला. यांचंही नाव टाकत नाही, कारण खाली थोडी तक्रारही आहे आणि एका माणसाच्या एका अनुभवावरून कुणाचा धंदा मोजू नये असं मला वाटतं. रिव्ह्यू कामाचा समजा.

पाठवण्याआधी त्यांनी विचारलेले प्रश्न मला फार आवडले. इंजिन नंबर काय, कॅमशाफ्ट मूळची का बदललेली, कॉम्प्रेशन हाय का लो, कार्ब कुठले, व्हॅक्युमची नळी कार्बला जाते का मॅनिफोल्डला. म्हणजे नुसतं 'चार सिलिंडरचा आहे ना, पाठवा' असलं नाही. मी त्याच क्षणी अर्धा निश्चिंत झालो. कॅप, रोटर, पॉइंट काढून नुसती बॉडी पाठवायला सांगितली. गाडीतून काढताना एक छोटी गोष्ट, क्लॅम्प प्लेट ब्लॉकला धरणारे दोन बोल्ट काढा, प्लेटचा पिंच बोल्ट सोडू नका, म्हणजे परत बसवताना टायमिंग निदान गाडी चालू होण्याइतकं तरी जागेवर राहतं. आणि काढायच्या आधी रोटरचं तोंड कुठे आहे त्याचा फोटो.

तीन आठवडे म्हणाले, सात लागले. मेलला उत्तर चौथ्या आठवड्यानंतर येणं बंद, फोन केला की "मशीनवर आहे". हे अर्ध्या मार्कांचं.

पार्सल आलं तेव्हा मात्र बघत बसलो. नवीन बुश, तोही तेलात मुरवून घातलेला (लुकासची पद्धतच ती आहे, बुश बसवायच्या आधी इंजिन ऑइलमध्ये २४ तास बुडवून ठेवायचा, किंवा गरम तेलात १०० अंशाला दोन तास, घाईत कोरडा घातला की लवकर खातो). शाफ्ट घासून गुळगुळीत, वर खाली होणारा प्ले शिम घालून काढलेला, खालच्या डॉगची, म्हणजे शाफ्ट इंजिनशी जोडणाऱ्या तुकड्याची, पिन नवीन. बेस प्लेटच्या अर्थिंगची वायर नवीन आणि मऊ. ही वायर म्हणजे छुपा रुस्तुम आहे बरं का. कापडी वेष्टणातली एवढीशी वायर, व्हॅक्युमने प्लेट हलली की ती दरवेळी वाकते आणि वर्षानुवर्षं वाकून आतल्या आत तुटते, बाहेरून धडधाकट. मग गाडी कधी चालते कधी नाही, आणि माणूस कॉइल बदलत बसतो.

व्हॅक्युम युनिटचा डायफ्राम नवीन. त्यावर ५-१३-१० असे आकडे असतात, बऱ्याच जणांना तो पार्ट नंबर वाटतो. अर्थ असा की ५ इंच पाऱ्याइतक्या व्हॅक्युमला खेचायला सुरू, १३ इंचाला पूर्ण, आणि पूर्ण म्हणजे डिस्ट्रिब्युटरचे १० अंश. माझा जुना फाटलेलाच होता हे मला माहीत होतं, कारण नळी तोंडात धरून ओढली की सरळ हवा यायची. चांगला असेल तर ओढल्यावर प्लेट हलते, आणि जीभ लावून भोक बंद केलं की तशीच धरून राहते. ही टेस्ट करताना कुणी बघत नाहीये ना ते बघा, मी पकडला गेलोय.

आणि सोबत एक कागद. यासाठीच तर पाठवायचं. मशीनवर फिरवून आधी किती होतं आणि आता किती, सगळं लिहिलेलं, तेही वेग उतरवत घेतलेले आकडे, लुकासच्या तक्त्यात पण तसेच असतात. आधीचे आकडे वाचून कळलं की नुसता बुशच गेलेला नव्हता, एक वजन पिव्हटवर जाम होतं आणि प्रायमरी स्प्रिंग कुणीतरी कधीतरी बदललेली, भलतीच. दोन स्प्रिंग असतात, एक नाजूक जी लगेच काम करते आणि एक जाड, जिची टोकाची कडी लांबट असते त्यामुळे ती थोडी उशिरा ओढायला लागते. दोन्ही सारख्या दिसत नाहीत म्हणून लोक 'जोडी' आणून दोन सारख्या घालतात! कर्व्हचं वाटोळं.

नंतरचे आकडे वाचले आणि मला घामच फुटला. कमाल अॅडव्हान्स १० अंश, ११०० आरपीएमला. म्हटलं झालं, निम्माच ठेवला यांनी, आणि तोही त्या कॉपी मालापेक्षा लवकर संपतोय. रागारागाने मेल टाईप केला, चांगला लांबलचक, सात आठवड्यांचा सगळा राग त्यात. पाठवणार तेवढ्यात डोक्यात प्रकाश पडला की डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. मशीनवर डिस्ट्रिब्युटर फिरतो, क्रँक नाही. ११०० म्हणजे इंजिनचे २२००, १० म्हणजे क्रँकचे २०. पुस्तकात आहे तसंच, अगदी बरोब्बर. मेल डिलीट केला. व्हॅक्युमचे १० पण तसेच, क्रँकचे २०. आतल्या कॅमखालच्या प्लेटवर जो १० आकडा कोरलेला असतो तोही डिस्ट्रिब्युटरचाच. तुम्हाला असा कागद आला तर आधी दोनाने गुणा, मग काय भांडायचं ते भांडा.

आता तक्रार. साफ करताना त्यांनी बॉडी ब्लास्ट केली, छान चांदीसारखी दिसते, पण नंबर फिका पडला. ४०८९७ बोट फिरवून वाचता येतो, सालाचे आकडे जवळजवळ गेलेत. ज्या माणसाला ते आकडे जपायचे आहेत त्याने आधी लिहून द्यावं की ब्लास्टिंग नको, नुसतं धुवा. मी दिलं नव्हतं, पण असली गोष्ट विचारायला हवी ना त्यांनीच. दुसरी तक्रार कंडेन्सर. पॉइंट, कंडेन्सर, रोटर नवीन घालूनच पाठवतात. पॉइंट चांगले, रोटर उत्तम, लाल रंगाचा, रिव्हेट नसलेला. ते महत्त्वाचं आहे कारण आजकालच्या साध्या काळ्या रोटरमध्ये वरची पितळी पट्टी धरणारा रिव्हेट खाली फार लांब येतो, प्लॅस्टिक पातळ पडतं, आणि एक दिवस ठिणगी कॅपकडे जायच्या ऐवजी सरळ शाफ्टमधून अर्थ होते. गाडी बंद, आणि बाहेरून काही दिसत नाही. पण कंडेन्सर मात्र असाच कुठला तरी घातलेला, दोनशे मैलही टिकला नाही, गरम झाला की मिस मारायला लागायचा आणि थंड झालं की साळसूद. पॉइंटवर निळी पांढरी ठिणगी मोठी दिसायला लागली की कंडेन्सर समजा, कारण पॉइंट उघडताना तिथे जाळ होऊ न देता कॉइलमधला करंट झटक्यात तोडणं हेच त्याचं काम. माझ्याकडे जुन्या स्टॉकमधला एक होता, मोजला तर ०.२ मायक्रोफॅरॅड, लुकासच्या हिशेबात बसतो. तो घातला, तेव्हापासून शांतता. बाकी एवढं सूक्ष्म काम करणाऱ्यांनी शेवटी असला कंडेन्सर घालावा, म्हणजे पैठणीला सुतळीची नाडी.

बसवणं सोपं आहे, एका ठिकाणी सोडून. खालचा डॉग मध्यभागी नसतो, मुद्दाम थोडा बाजूला असतो, त्यामुळे एकाच बाजूने बसतो, १८० अंश उलटा घालता येत नाही. हलक्या हाताने खाली दाबत रोटर फिरवत राहा, टक करून खाली जातो. नाही गेला तर हातोडी घेऊ नका. एक नंबरचा कॉम्प्रेशन स्ट्रोक, पुलीची खाच १० अंशाच्या काट्यासमोर. माझ्या सालच्या गाडीत ते काटे इंजिनच्या खालच्या बाजूला आहेत, बघायचं म्हणजे गाडीखाली लोळावं लागतं, नंतरच्या गाड्यांत वर आणले. रोटर वरून बघितलं तर घड्याळाच्या उलट फिरतो, फायरिंग ऑर्डर १-३-४-२, वायरी त्याच दिशेने.

मी कुठे फसलो तर पॉइंट जोडताना. वर्कशॉपने जोडूनच पाठवले होते पण मला हात लावल्याशिवाय चैन पडत नाही, गॅप बघायला नट सोडला आणि प्लॅस्टिकचा वॉशर चुकीच्या जागी गेला. वायरीची दोन्ही टर्मिनल आणि पॉइंटची स्प्रिंग एकमेकांना टेकली पाहिजेत पण त्या खांबाला कुठेही लागता कामा नयेत, टोपीसारखा वॉशर त्यासाठीच असतो. लागली की पॉइंट कायमचा अर्थ, ठिणगी शून्य. पाऊण तास सेल्फ मारतोय, बॅटरी उतरली, मित्राला फोन, तो फक्त हसला.

क्रम लक्षात ठेवा, आधी गॅप मग टायमिंग, कारण ड्वेल एक अंश हलला की क्रँकचं टायमिंगही साधारण एक अंश हलतं. उलट केलंत तर दोन्ही चुकतं. गॅप मोजायच्या आधी फिलर गेज पुसून घ्या, त्यावरचं तेल पॉइंटला लागलं की तिथे काळं जळतं. नवीन पॉइंटवर गंज लागू नये म्हणून पातळ थर असतो, तोही पुसायचा.

स्टॅटिक टायमिंग बल्बने लावलं, डिस्ट्रिब्युटरच्या टर्मिनलपासून अर्थला एक छोटा बल्ब, इग्निशन ऑन, पॉइंट उघडला की बल्ब पेटतो. बॉडी घड्याळाच्या दिशेने फिरवली की अॅडव्हान्स, उलट फिरवली की रिटार्ड. आणि मग २५डी४ चं ते लाडकं छोटं चाक! व्हॅक्युम युनिटच्या टोकाला खाचांचं चाक असतं, बोटाने फिरवलं की टिक टिक वाजतं, साधारण ५५ टिक म्हणजे पाच अंश, म्हणजे अकरा टिकला एक अंश. पाना न लावता, बॉनेट उघडून उभ्या उभ्या टायमिंग जरासं पुढे मागे. नंतरच्या ४५डी डिस्ट्रिब्युटरमध्ये हे चाक काढून टाकलं, आणि ते कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं मला माहीत नाही पण माझा राग आहे त्याच्यावर.

मग व्हॅक्युमची नळी काढून तोंड बंद करून स्ट्रोब. पुस्तकात ६०० ला १४ अंश. गाडीवर १४ ची खूण नसते, १०, ५ आणि टीडीसी (पिस्टन अगदी वर असतानाची जागा) एवढेच काटे, म्हणून मी डायल असलेला स्ट्रोब वापरतो. लागलं. आणि खूण गोठल्यासारखी उभी! एक नंबरवर आणि चार नंबरवर जागा तीच, मी तीनदा क्लॅम्प बदलून बघितलं, उगाचच. ३००० ला रेस केली तर एकूण ३० वर जाऊन थांबली, १० स्टॅटिक अधिक २०, पुढे इंजिन कितीही ओरडू दे, खूण तिथेच. ड्वेल ६० चा ५९.

चालवायला कशी झाली? कार्बला हात न लावता स्लो ७०० वर आणता आला, आधी ९०० च्या खाली लंगडायची. चढावर थर्डमध्ये नॉकिंग नाही, म्हणजे पूर्ण गेलं असं नाही, अगदी खालच्या आरपीएमला मुद्दाम पॅडल दाबलं तर दोन चार टिकटिक येतात, मी चाक दहा बारा टिक मागे घेतलं, संपलं. हलक्या पॅडलवर सरळ रस्त्याला गाडी मोकळी पळते, ते व्हॅक्युमचं श्रेय, फाटक्या डायफ्रामने मी किती वर्षं चालवली कुणास ठाऊक. वरचा फाटका आवाज गेला. कुणी म्हणेल ताकद वाढली का, तर नाही हो, ताकद होती तेवढीच आहे, आता ती चारही सिलिंडरमधून येते. ६००० आरपीएमला सेकंदाला २०० ठिणग्या लागतात, एवढ्याशा पॉइंटने आणि एवढ्याशा स्प्रिंगने, मला अजून त्याचं नवल वाटतं. लुकासला लोक अंधाराचा राजकुमार म्हणून चिडवतात, पण हा भाग त्यांनी विचार करून केला होता.

कुणी पाठवू नये? ज्याचा शाफ्ट हलत नाही, ड्वेल जागेवर राहतो आणि रोटर फिरवून सोडला की झटकन मागे येतो, त्याने फक्त साफसफाई करावी. बेस प्लेटचे दोन स्क्रू, खाली वजनं, जुनं वाळलेलं ग्रीस काढा, पिव्हटवर थेंबभर तेल. स्प्रिंग सोडवताना ताणू नका, ताणली की गेली, आणि कुठली कुठे होती ते लिहून ठेवा. रोटर काढल्यावर जो स्क्रू दिसतो त्यावर दोन थेंब तेल टाकायचे, स्क्रू काढायची गरज नाही, बाजूने आत जायला जागा ठेवलेली असते. कॅमवर ग्रीसचा नुसता पुसट हात, भरपूर फासलंत तर उडून पॉइंटवर जाणार. माझ्या डिस्ट्रिब्युटरला हे दोन थेंब कित्येक वर्षं कुणी दिले नव्हते, मीही नाही, आणि कार्बच्या डॅशपॉटमध्ये मात्र दर महिन्याला तेल बघत होतो.

नवीन पॉइंट घातलेत तर तीन चारशे मैलांनी परत गॅप बघा. टाच बसते, गॅप कमी होतो, टायमिंग आपोआप मागे सरकतं आणि तुम्हाला वाटतं रिबिल्ड वाया गेलं. माझा १५ चा १३ झाला होता. परत १५ केला, चाक नऊ टिक पुढे. त्यानंतर हजारेक मैल झालेत, परवा उत्सुकता म्हणून ड्वेल बघितला तर ६०.

तो कॉपी माल अजून शेल्फवर आहे, कुणाला घड्याळ वगैरे बनवायला हवा असेल तर सांगा, गाडीत घालायला मागितलात तर देणार नाही.